माळवद कुठल्या यादीत बसतं?

१९९५ मध्ये मुंबईत एक नियम लागू झाला. विकास नियंत्रण नियमावलीतला क्रमांक ६७. वारसा यादीत ज्या इमारतीचं नाव आहे ती पाडायची असेल, वाढवायची असेल, तिची एखादी जुनी खिडकी बदलायची असेल, इतकंच काय, तिला रंग द्यायचा असेल, तरी आधी तज्ज्ञांच्या समितीसमोर जायचं. वारशाबद्दल इतका तपशिलात नियम करण्यात मुंबई देशात पहिली मानली जाते.

त्याच काळात, त्याच राज्य सरकारच्या देखरेखीखाली, लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं आपापली जुनी जागा सोडून नव्या आखणीच्या वसाहतींत चालली होती. मागे उरल्या होत्या दगडांच्या राशी आणि कुठे कुठे एकटेच उभे राहिलेले लाकडी खांब. तिथल्या घरांच्या खिडक्यांची चौकशी करायला कुणी आलं नाही, आणि तेव्हा कुणी करावी अशी अपेक्षाही नव्हती. माणसं मेली होती.

मी लातूर जिल्ह्यातला, जन्म भूकंपानंतरचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. गेली दोनेक वर्षं मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचतोय: मुंबईची वारसा नियमावली आणि किल्लारीनंतरचं पुनर्वसन. दोन्हींत घराची पाहणी आहे, वर्गवारी आहे, परवानगी आहे. फक्त मूळ प्रश्न वेगळा. मुंबईत विचारलं गेलं, 'यातलं राखायचं काय?' आमच्याकडे विचारलं गेलं, 'यापासून वाचायचं कसं?' हा दुसरा प्रश्न तेव्हा अगदी रास्त होता. पण पहिला प्रश्न त्यानंतर तीस वर्षांत आमच्याकडे कुणी नीट विचारलाच नाही, आणि नांदेड-लातूरची जुनी घरं एकेक करून जातायत त्याचं एक मोठं कारण हेच आहे असं माझं मत झालंय.

आधी घर कसं असतं ते सांगतो, कारण शहरात वाढलेल्यांना 'वाडा' म्हटलं की पेशवाई चौक आणि मालिकेचा सेट आठवतो. मराठवाड्यातलं जुनं घर बाहेरून जवळजवळ मुकं असतं. दगड-मातीची जाड भिंत, दोन-अडीच फुटांपासून कधी चार फुटांपर्यंत. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाहीच, असली तर वर, लहानशी. दारातून आत गेलं की ढेलज, मग चौक किंवा नुसतं अंगण, मग सोपा आणि आतल्या खोल्या. धान्यासाठी बळद, काही घरांत जमिनीखाली पेव. घर मोजायचं ते खणांत: दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. 'त्यांचं घर बारा खणांचं' म्हटलं की ऐपत कळायची.

आणि वर माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या-पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर. सगळ्यात वर पांढरी माती, जी पाणी आत जाऊ देत नाही. उजेडासाठी आणि धूर जायला माळवदाला एक भोक ठेवलेलं असतं, त्याला सानं म्हणतात. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना माळवदाखाली दुपारी झोप लागते. ज्याने पत्र्याखाली लातूरचा उन्हाळा काढलाय त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पांढरी माती येते कुठून? गावाच्याच पोटातून. आपल्या भाषेत शेतीला 'काळी' आणि वस्तीला 'पांढर' म्हणतात. शेकडो वर्षं माणसं एकाच उंचवट्यावर राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा घरं उठली, राख-शेण-माती मिसळत राहिली आणि गावठाणाची माती पांढुरकी झाली. देशमुख-पाटलांच्या गढ्यांचे बुरूज याच मातीचे. आज पडक्या गढ्या बघाल तर कडेने कुरतडल्यासारख्या दिसतील. शत्रूने नाही, गावानेच खणून नेल्यात. माळवदासाठी, लिंपायला, शेतात टाकायला. म्हणजे आमच्याकडे वारशाची मोडतोड आणि वारशाची डागडुजी कधी कधी एकाच घमेल्यातून चालायची.

या घमेल्यातच खरी गोम आहे. दर पावसाळ्याआधी माळवदावर थोडी नवी माती पसरायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. जुनी काढायची मात्र नाही. दरवर्षी थोडी थोडी म्हटलं तरी दोन पिढ्यांत फूट-दीड फूट थर होतो. साधा हिशेब करून बघा: दीड फूट माती म्हणजे चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा-सात टन. त्याच मापाचा सिमेंटचा पाच इंची स्लॅब तीन टनांत बसतो. म्हणजे जे घर जितकं मायेने सांभाळलं तितकं ते डोक्यावर जड होत गेलं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हे वजन हललं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. तोवर भूकंपाच्या नकाशात हा सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. पुढे २००२ च्या सुधारित मानकात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

नंतर अभियंत्यांनी पडझडीचा जो अभ्यास केला त्यातून एक गोष्ट समोर आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. माणसं मुख्यतः भिंतींनी मारली. जाड दिसणारी भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या: आतून एक, बाहेरून एक, मधे दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्हींना एकत्र धरून ठेवणारे आरपार दगड घातलेलेच नव्हते. हादरा बसला तशी आतली भिंत आत आणि बाहेरची बाहेर फाकली. उलट जिथे माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता आणि सांगाडा धड होता, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. जिथे तुळया थेट भिंतीत खोवलेल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर सगळं खाली आलं.

म्हणजे 'दगड-मातीचं घर' नावाची एकच गोष्ट नव्हती. त्यात एक चांगला भाग होता आणि एक जीवघेणा. लाकडी सांगाडा ही आमच्या सुतारांची कमाई होती. बिनजोडाची भिंत आणि वाढत गेलेला थर हे दोष होते. दोन्ही एकाच ढिगाऱ्यात सापडले आणि दोन्हींची किंमत एकच झाली.

पुनर्वसनाचा आवाका प्रचंड होता आणि त्यातलं बरंच काम वाखाणण्यासारखं आहे, हे आधी मान्य करतो. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या त्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली गावं नव्या जागी गेली आणि बाकी हजारो गावांत घरांच्या दुरुस्तीला मदत मिळाली. पण वर्गवारी कशावर होती बघा. गावाचा वर्ग नुकसानीवरून. स्थलांतरित गावात घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आधीचं घर कसं बांधलं होतं, त्यातलं काय टिकलं, या माहितीला त्या रचनेत रकाना नव्हता. नवी गावं जुन्यापेक्षा कित्येक पट पसरली. सरळ रुंद रस्ते, ओळीने सारखी घरं. खांब-तुळया-चौकटी बऱ्याच ठिकाणी विकल्या गेल्या. दगडाची तर दहशतच बसली. ज्या प्रदेशात हात घालीन तिथे काळा दगड मिळतो, तिथे लोक दगडाच्या भिंतीखाली झोपायला तयार होईनात.

यात एक बारीक गंमत आहे. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्यूरोने तीन मानकं प्रसिद्ध केली: कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या इमारतींसाठी १३८२८, मातीच्या इमारतींसाठी १३८२७ आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-बळकटीकरणासाठी १३९३५. आरपार दगड किती अंतरावर घाला, कोपरे कसे बांधा, सगळं त्यात आहे. माळवदाच्या घराला मारक काय आणि तारक काय, हे कळायला विज्ञान कमी पडलं नाही. दुरुस्तीच्या गावांत माळवदाचा थर कमी करणं, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणं, भिंतीत जोड बसवणं हे उपाय करूनही दाखवले गेले. तरी बहुतेक कुटुंबांनी आलेल्या मदतीतून जुन्या घराला हात न लावता अंगणात एक नवी खोली बांधली.

आमच्या घरीही तेच. औसा तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची एक खोली आहे, तिला अजून 'भूकंपाची खोली' म्हणतात. तिच्यात उन्हाळ्यात भाजतं आणि हिवाळ्यात गारठतं. पण माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्या रात्री एकोणीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर ते कधी माळवदाखाली झोपलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी वाडा पाडून स्लॅब टाकायचं घरात निघालं तेव्हा मी लाकडाबद्दल, गारव्याबद्दल, शंभर वर्षांबद्दल बोललो. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, तुला फोटो काढायलाय. मला त्याच्याखाली झोपायचंय."

जुनं घर राखा असं सांगणाऱ्या कुठल्याही नियमाला आमच्याकडे आधी या वाक्याला उत्तर द्यावं लागेल.

आता नियमांच्या दुसऱ्या परंपरेकडे येऊ. जुन्या वस्तीत घराचा बाहेरचा चेहरा बदलण्याआधी मंडळाची परवानगी, ही कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात १९३१ साली कायद्यात आली. तिथे मोटारी वाढल्या, पेट्रोल पंपांसाठी जुनी घरं पाडली जाऊ लागली, तेव्हा शहराने एक जुना भाग आखून घेतला आणि त्यातल्या बदलांवर देखरेख ठेवणारं मंडळ नेमलं. आपल्याकडे त्या काळी वारसा म्हणजे लेणी, मंदिरं, किल्ले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम सरकारने १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. अजिंठ्याची चित्रं वाचवायला थेट इटलीहून माणसं आणली गेली. काम मोठंच होतं. पण ज्यात लोक राहतात ते घर या खात्याच्या नजरेत स्मारक नव्हतं, आणि पुढे राज्य बदललं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, तरी ही नजर फारशी बदलली नाही.

याचा अर्थ बांधकामाला शिस्त लावणं आम्हाला माहीतच नव्हतं असा नाही. लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून बघा. १९१७ च्या सुमाराची ती दुमजली गोल इमारत, मधे अंबाबाईचं मंदिर, आणि सोळा रस्ते येऊन मिळतात. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेली ही रचना. दुकान कुठे, रस्ता कुठे, कमान किती, हे कुणीतरी आधी ठरवलं आणि बाकीच्यांनी पाळलं, म्हणून ते वर्तुळ वर्तुळ राहिलं. आज त्या वर्तुळावर पाट्या आणि फ्लेक्सचं इतकं पीक आलंय की कमानी शोधाव्या लागतात. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर हाच प्रश्न नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला होता. तिथे दुकानांच्या पाट्या कमानीच्या आत, ठरावीक मापात बसवायचे नियम आखले गेले. दुकानदारांशी बोलून, फार खर्च न करता. गंजगोलाईत हे करायला भूकंपतज्ज्ञही लागत नाही.

मुंबईच्या नियमाचं यंत्र साधं आहे. इमारतींच्या श्रेणी: पहिली, दुसरी 'अ', दुसरी 'ब' आणि तिसरी. पहिलीला जवळजवळ हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात, बाहेरच्यांवर कडक नजर. तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक. शिवाय एकेकटी इमारत नाही तर आख्खी वस्ती 'परिसर' म्हणून यादीत घालता येते. मालकाला वाढीव बांधकाम करता आलं नाही तर तो हक्क दुसरीकडे विकता यावा, ही सोयही आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही वारशाचं असंच कलम आहे. म्हणजे कागदावर नांदेडची गाडीपुरा-चौफाळ्याची गल्ली आणि गिरगावची खोताची वाडी यांना एकच छत्र आहे.

पण छत्र उघडतं यादीने. यादीत नाव नसेल तर समिती, श्रेणी, हक्कविक्री, सगळं शून्य. आमच्या क्षेत्रातलं उदाहरण द्यायचं तर, कोड तपासायची पद्धत कितीही उत्तम असली तरी जी फाइल सिस्टिममध्ये नोंदलेलीच नाही तिच्यावर ती चालत नाही. ती कुणीही, कधीही उडवू शकतं, आणि उडवल्याचं कळतही नाही.

आणि विरोधाभास असा की आमच्याकडची जुनी घरं याद्यांत भरपूर आहेत. फक्त त्या याद्या वेगळ्या आहेत.

एक, धोकादायक इमारतींची. दर पावसाळ्याआधी महापालिका जुन्या घरांना नोटिसा देतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली. रिकामं करा, दुरुस्त करा किंवा पाडा. नोटिशीत तीन क्रियापदं असली तरी दुरुस्त कशी करायची, हे सांगणारं तिच्यात काही नसतं. त्यात भाडेकरू असेल तर प्रकरण आणखी चिघळतं. पालिकेच्या आदेशाने इमारत पाडायची असणं हे भाडेकरूला बाहेर काढण्याचं कायदेशीर कारण आहे. त्यामुळे काही मालकांना घर धोकादायक ठरणं सोयीचंच असतं आणि भाडेकरूला ते धड असल्याचं सिद्ध करावं लागतं. या भांडणात घर मात्र पावसात भिजत राहतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण कायद्याने बंधनकारक आहे, पण ते करणारा अभियंता बहुधा सिमेंट-लोखंड शिकून आलेला. माझे सिव्हिलचे मित्र सांगतात, चार वर्षांत दगड-मातीच्या भिंतीचं गणित त्यांनी एकदाही सोडवलं नाही. ज्याचं गणित येत नाही त्यावर सही कशाला करा? 'पाडावे' लिहिणं सुरक्षित.

दोन, कच्च्या घरांची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २५ चौरस मीटरच्या नव्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. गरजू कुटुंबाला हे पैसे मिळालेच पाहिजेत. पण मातीच्या घरात राहणाऱ्याला पैसे मिळण्याचा रस्ता नव्या बांधकामातून जातो. भावाभावांच्या वाटण्यांत वाड्याचे चार खण ज्याच्या वाट्याला आले त्याच्याकडे दुसरी जागा नसते. तो ते चार खण पाडतो आणि तिथे घरकुल उभं राहतं. उरलेल्या आठ खणांचा आधार त्याबरोबर जातो, कारण खांब-तुळयांना वाटणीपत्र वाचता येत नाही.

तीन, आणि ही माझी सर्वांत आवडती: ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८. त्यात गावातल्या प्रत्येक घराची नोंद असते, मालकाच्या नावासकट, आणि बांधकामाचा प्रकारही: झोपडी किंवा मातीचं, दगड-विटा वापरलेलं मातीचं, दगड-विटा-चुना किंवा सिमेंटचं, आरसीसी. बांधकाम जितकं जुनं तितका घसारा जास्त. म्हणजे शंभर वर्षं टिकलेलं घर या वहीत जवळजवळ बिनकिमतीचं ठरतं. पण वही उलटी धरून वाचा. गावात दगड-मातीची किती घरं उरलीत, कुठे आहेत, कुणाची आहेत, हे शासनाला आधीच माहीत आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, मिळकत पत्रिका देण्यात आल्या. वरून काढलेल्या चित्रात माळवद लगेच ओळखू येतं. मातकट चौकोन, मधे चौकाचं भोक. वारसा यादीची पहिली कच्ची प्रत तयार पडलेली आहे. तिला वारसा कुणी म्हटलेलं नाही, इतकंच.

म्हणजे आजपासून सरसकट सगळी माळवदं यादीत घालावीत का? अजिबात नाही. सरसकट नियमाने काय होतं ते पुण्यात रोज बघतो. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, असा २०१० चा कायदा आहे. शनिवारवाड्याभोवती कसब्यातले जुने वाडे त्यात अडकले. पुनर्विकास करता येत नाही, दुरुस्तीला पैसा नाही, परवानगीला दिल्लीच्या प्राधिकरणापर्यंत फाइल. कायद्यात प्रत्येक स्मारकासाठी वेगळे, तिथली परिस्थिती बघून केलेले उपविधी करायची तरतूद आहे, पण ते काम रखडत गेलं. शनिवारवाड्याचं रक्षण करणारा नियम शेजारच्या वाड्याला हळूहळू पाडतो.

२०१२ साली मुंबईत वारसा यादी वाढवायचं ठरलं तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांना लोक स्वार्थी म्हणाले. मला ते पटत नाही. गळणाऱ्या छपराखाली राहणाऱ्याला 'तुमचं घर आता सगळ्यांचं' असं सांगताना छपराचा खर्चही सगळ्यांचा, हे वाक्य गाळलेलं असतं. आणि यादीत असूनही टिकेलच असं नाही: खोताच्या वाडीत एके काळी साठावर घरं होती, आज निम्मीही नाहीत.

नांदेडमध्ये तर उलट दिशेने घडलं. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी शहराला मोठा निधी आला, रस्ते झाले, घाट झाले, हुजूर साहिबच्या भोवतालची दाट वस्ती हटवून परिसर मोकळा केला गेला. १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंहांनी बांधून घेतलेला गुरुद्वारा आता लांबूनही दिसतो, लाखो यात्रेकरूंची सोय झाली, हे खरंच. पण ज्या बोळांतून वळत वळत तिथे पोचायचं ते बोळ गेले. एका पवित्र वास्तूचा वारसा जपताना तिच्या शेजाऱ्यांनाही काही श्रेणी असू शकते, हा विचार करायला तेव्हा शहराकडे चौकटच नव्हती.

मग आमच्याकडची चौकट कशी असावी? मुंबईची पद्धत चेहऱ्यापासून सुरू होते. कमान, कठडा, रंग. ती तिथे ठीक आहे, कारण तिथल्या इमारतींना चेहरा आहे. आमच्या घराचा चेहरा म्हणजे एक दार आणि एक लांबच लांब भिंत. आमच्याकडे समितीने आधी सांगाडा बघावा. खांब पायाशी कुजलेत का, वाळवी किती वर चढलीय? भार खांबांवर आहे की तुळया भिंतीत खोवल्यात? माळवदाचा थर किती इंच? भिंत पोटातून फुगलीय का, कोपरे सुटलेत का, पाणी कुठून मुरतंय? याची उत्तरं मिळाली की श्रेणी आपोआप ठरते. सांगाडा धड असेल तर तो राखायचा आणि भिंतीला पाहिजे तर नव्याने, हलक्या विटांत, जोड घालून बांधायची खुशाल मुभा द्यायची. पुण्या-मुंबईचा संवर्धनतज्ज्ञ यावर नाक मुरडेल, कारण बाहेरून दिसणारी जुनी भिंतच गेली. मुरडू दे. आमच्या घरात जुनं आणि मोलाचं जे आहे ते आत आहे, आणि माणूस मारणारं जे आहे ते बाहेर.

समितीत सुतार हवा, गवंडी हवा. आणि परवानगीच्या कागदासोबत दुरुस्तीचा पैसा हवा. हक्क विकायची सोय मुंबईत चालते कारण तिथे हवेलाही भाव आहे; औसा-कंधारसारख्या गावात गावठाणातल्या चार खणांचा बांधकाम हक्क कोण विकत घेणार? तिथे साधं अनुदानच लागेल. घरकुलाचे तेच १ लाख २० हजार जुन्या घराच्या बळकटीला वापरायची परवानगी दिली तरी पुष्कळ घरं पाडायच्या आधी थांबतील.

आमच्या वाड्याचं म्हणाल तर तो अजून पूर्ण वाचलेला नाही आणि पूर्ण गेलेलाही नाही. थोरल्या चुलत्यांच्या वाट्याचा भाग पाडून झालाय. तात्यांच्या वाट्याच्या सहा खणांचे खांब एका ओळखीच्या जाणत्या सुताराने ठोकून पाहिले. पाच ठणठणीत, एक पायाशी पोकळ. माळवदात गज खुपसून थर मोजला तर एकोणीस इंच निघाला. तात्या बराच वेळ त्या गजावरच्या खुणेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं ओझं होतं व्हय वर?"

यंदा पावसाळ्याआधी दोन खणांवरची माती उतरवायची ठरलीय. पोकळ खांब बदलायचा, सांध्यांना तिरके आधार द्यायचे, वर चार बोटं माती ठेवून त्यावर पत्र्याचं हलकं छप्पर घालायचं, आणि दगडाची बाहेरची भिंत कंबरेपर्यंत ठेवून वर विटा. निघालेली माती ट्रॉलीने शेतात जाईल. पांढरीची माती सोयाबीनला मानवते म्हणतात. हे होईल तेव्हा तात्या आत झोपतील की भूकंपाच्या खोलीतच, ते अजून बोललेले नाहीत.